शिकता शिकता : चावी कोणाकडे?

(नाशिकच्या एका अभ्यासकेंद्राचे निवृत्त केंद्र संयोजक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सर, मी दिंडोरी तालुक्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते. निरंतर शिक्षणाचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलं आहे. गेल्या नोव्हेंबरात द्राक्षबागायतदारांसाठी माती-पाणी परीक्षणाचा महिनाभराचा वर्ग घेतला. ४० नावं आली, शेवटच्या आठवड्यात ६ जण उरले. प्राचार्य म्हणतात, लोकांना शिकायचंच नाही. खरंच तसं आहे का? — एक प्राध्यापिका

उत्तर : मॅडम, नोव्हेंबर? ऑक्टोबर छाटणी होऊन गेलेली, बागेत घड दिसायला लागलेले, त्यात आभाळ भरून आलं की डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं माणूस रात्रीसुद्धा फवारणीला निघतो. त्या दिवसांत तो सख्ख्या पाहुण्याच्या लग्नाला जात नाही. ६ जण टिकले याचंच मला नवल वाटतं. हाच वर्ग जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत ठेवा. छाटणीआधी मातीचा अहवाल हातात आला तर खताचा हिशेब त्यावर बसवता येतो. नोव्हेंबरात तो अहवाल घेऊन शेतकरी काय करणार, फायलीला लावणार?

हसत नाही तुम्हाला. मी स्वतः याहून मोठा घोळ घातलेला आहे. आमच्या केंद्रावर संपर्कसत्रं, म्हणजे दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष येऊन बसायचे वर्ग, रविवारी सकाळी १० वाजता असत. सुट्टीचा दिवस, सगळ्यांना सोयीचा, असं मीच ठरवून टाकलं होतं. अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या ९ जणी होत्या; दोन महिन्यांत एकीचाही पत्ता नाही. शेवटी एकीला फोन केला. ती म्हणाली, “सर, रविवारी घरात सगळे असतात. पाहुणेही रविवारीच येतात. माझा आठवड्यातला सगळ्यांत जड दिवस तोच.” पहिली पाळी ३ वाजता सुटते. आम्ही सत्र शनिवारी साडेतीनला आणलं आणि ९ पैकी ७ जणी परत आल्या. नाशकात इतकी वर्षं राहून ही गोष्ट मला कोणी सांगावी लागली, याची अजून लाज वाटते.

आता व्यवस्थापनाचं. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य, म्हणजे आवाराबाहेरच्या लोकांपर्यंत शिक्षण नेणं, ही विद्यापीठांची तिसरी जबाबदारी मानली. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात आजीवन अध्ययन व विस्तारासाठी स्वतंत्र मंडळ आहे. कागद भक्कम आहे हो. पण संध्याकाळी साडेपाचनंतर महाविद्यालयाच्या फाटकाची चावी कोणाकडे? शिपाईमामांच्या जादा तासांचे पैसे कोणत्या खात्यातून? हे दोन प्रश्न प्राचार्यांकडून लेखी सोडवून घ्या, मगच जाहिरात काढा. आमची निम्मी सत्रं मामांच्या भलेपणावर चालली आणि ते निवृत्त झाले त्या वर्षी आम्ही तीन शनिवार फाटकाबाहेर उभे राहिलो.

शिवाय थोडं का होईना, शुल्क घ्या. आणि कलमं बांधणारा रोपवाटिकेवाला शिकवायला बोलावलात, तर त्याला प्राध्यापकाइतकंच मानधन द्या, त्याच दिवशी द्या. तो दुसऱ्यांदा येतो की नाही, ते यावर ठरतं. फोटो वगैरे नंतर.

प्रश्न : मी सिडकोत राहते, वय ४३. २००१ मध्ये एफ.वाय.बी.ए. झाल्यावर लग्न झालं. आता पुढे शिकायचं आहे. ते जुनं वर्ष क्रेडिट बँकेत जमा होतं का? मुलगा म्हणतो, मुक्त विद्यापीठाची पदवी कोणी विचारत नाही. — एक गृहिणी

उत्तर : ताई, आधी मुलाचं. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. १९८९ मध्ये स्थापन झालेलं आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या रस्त्याला उभं आहे. मुलाला एकदा तिथे फिरवून आणा, वाटेत सोमेश्वरचा धबधबाही होईल.

जुन्या वर्षाचं उत्तर गोड नाही. क्रेडिट बँक, म्हणजे श्रेयांकांचं खातं, २०२१ मध्ये आलं. तुमच्या वेळी वार्षिक परीक्षा होती, श्रेयांक नव्हतेच. खात्यात भरायचं काय? गुणपत्रिका घेऊन अभ्यासकेंद्रात विचारा जरूर, पण पहिल्या वर्षापासून बसायची तयारी ठेवा.

आणि एक हिशेब घरी करा. १ श्रेयांक म्हणजे अभ्यासाचे ३० तास. सहामाहीला २० श्रेयांक धरले तर ६०० तास, म्हणजे सहा महिने रोज सव्वातीन तास. प्रत्यक्षात कोणी एवढे बसत नाही, मी तरी पाहिलं नाही. पण रोजचा दीड तास घरच्यांकडून आधीच मागून घ्या. परीक्षेच्या तोंडावर मागितलात तर मिळत नाही. पुस्तकं हाती आल्यावर स्वाध्याय आधी वाचा, धडा नंतर. हे मला आमच्या विद्यार्थिनींनीच शिकवलं.

प्रश्न : मुलगा डिप्लोमा करून सातपूरला नोकरीला आहे. एक जण घरबसल्या बी.ई. करून देतो म्हणतो, १० हजार आगाऊ दिलेत. काही धोका? — एक वडील

उत्तर : दूरशिक्षणानं अभियांत्रिकीची पदवी देता येत नाही, आयोगाचा नियमच आहे. नोकरी करणाऱ्यांसाठी काही महाविद्यालयांत वेगळ्या वर्गांना तंत्रशिक्षण परिषद परवानगी देते. तिथे हजेरी लागते, प्रात्यक्षिकं करावी लागतात. मुलाला तिकडे चौकशीला पाठवा. आणि तुम्ही उद्याच त्या माणसाकडे जाऊन पैसे मागा. पावती नसेल तरी मागा, एकटे मात्र जाऊ नका.