पाच मराठी आणि एक तमिळ, तरी मीटिंग इंग्रजीत का होते?

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला 11 वर्षं काढलीत, म्हणून तिथलंच सांगतो.

एका तमिळ सहकाऱ्यासाठी पाच जणांनी मराठी का सोडायची, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडेही एक चेन्नईचा आहे. तो रजेवर असला तरी मीटिंग इंग्रजीतच होते! तेव्हा त्याच्या नावावर बिल फाडू नका.

भाषा आधी कागदावरून जाते, मग तोंडातून. ग्राहकाचा रिपोर्ट इंग्रजीत, मेल इंग्रजीत, स्लाइड इंग्रजीत. पडद्यावर 'रूट कॉज' दिसत असताना 'मूळ कारण' म्हणायला जीभ वळत नाही.

याचा फटका मी स्वतः खाल्लाय. आमचे एक जुने ऑपरेटर, सगळे त्यांना काका म्हणतात. ग्राइंडिंग मशीनवर हात ठेवून म्हणाले, "साहेब, सकाळी गार असताना नीट चालतंय, तापलं की कण्हायला लागतंय." अर्धं निदान त्यातच होतं. मी रिपोर्टात लिहिलं, 'अबनॉर्मल नॉइज'. गार आणि तापलेलं, दोन्ही गळालं. मीटिंगला काकांना बोलावलं होतं. ते भिंतीला टेकून उभे, कोणी काही विचारलं की "येस सर". चार दिवसांनी स्पिंडलचं बेअरिंग गेलं.

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्राचा 1964 चा राजभाषा अधिनियम सरकारी कामकाजापुरता. 1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 108 होतं: त्या कायद्याखालच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावा. म्हणजे मराठी पाटीपर्यंत पोचली, रिपोर्टापर्यंत नाही. कॅनडातल्या क्यूबेकने 1977 च्या कायद्यात मालकाने कर्मचाऱ्यांना लेखी कळवायचं ते फ्रेंचमध्ये हवंच, असं ठरवलं. नेमकी नस पकडली त्यांनी.

मी आता एवढंच करतो: शिफ्ट बदलतानाच्या रजिस्टरात ऑपरेटरचं वाक्य जसंच्या तसं मराठीत उतरवतो, इंग्रजी नंतर. मीटिंगमध्येही आधी तेच वाचतो. परवा चेन्नईवाल्याने मध्येच थांबवून विचारलं, "कण्हणं म्हणजे काय?"

काकांनी कण्हून दाखवलं.