कोणत्या पेशीत, कोणत्या तासाला

सप्रेम आशीर्वाद.

तुझा मेल वाचला आणि सोबतची छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. झेब्राफिश या छोट्या माशाच्या ज्या भ्रूणांत तू मॉर्फोलिनो, म्हणजे एका जनुकाचे काम तात्पुरते रोखणारा रेणू, टोचलास, त्यांत रक्त दिसत नाही. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्राने तेच जनुक मोडून तू मोठ्या कष्टाने तयार केलेल्या म्युटंटमध्ये, म्हणजे ते जनुक कायमचे बिघडलेल्या माशांत, मात्र रक्त व्यवस्थित वाहते आहे. तुझे गाईड म्हणतात की मॉर्फोलिनोचा भाग छापून मोकळे व्हावे, कमिटीतील एक सदस्य म्हणतात की या जनुकाचा रक्ताशी संबंधच नाही, आणि यांपैकी कोणाचे ऐकावे असे तू मला विचारतोस. सध्या कोणाचेच ऐकू नकोस. रक्त आहे की नाही यावर तू पानभर लिहिले आहेस, पण कोणत्या पेशी, भ्रूणाच्या कोणत्या भागात आणि फलनानंतर कोणत्या तासाला, हे त्या पानावर कुठेही नाही. ते नसेल तर दोघांच्याही मताला काही आधार राहत नाही.

पुढचे तुला पाठ आहे हे मला ठाऊक आहे, पण तुझ्या प्रयोगांच्या आखणीत ते उतरलेले नाही म्हणून लिहिते. झेब्राफिशच्या भ्रूणात साधारण २४व्या तासाला ज्या तांबड्या पेशी वाहू लागतात त्या पहिल्या लाटेच्या असतात. पृष्ठरज्जू या भ्रूणाच्या पाठीतील आधारदांड्याखालच्या पेशीसमूहात त्या तयार होतात आणि पहिले चार दिवस अभिसरणात प्रामुख्याने त्याच असतात. आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या मूलपेशींचा उगम वेगळा आहे. पहिला दिवस संपल्यावर काही तासांतच महाधमनीच्या तळाच्या अस्तरातील मोजक्या पेशींत रनएक्स-१ हे जनुक चालू होते, त्या पेशी अस्तरातून वाकून सुटतात, शेपटीतील ऊतीत काही काळ वाढतात आणि शेवटी मूत्रपिंडात स्थिरावतात, कारण आपल्या अस्थिमज्जेचे काम माशात मूत्रपिंड करते. २०१० मध्ये पॅरिस आणि सॅन दिएगो येथील गटांनी हे सुटणे जिवंत, पारदर्शक भ्रूणात चित्रित केले. आपण उंदीर सोडून या माशाकडे आलो ते हे डोळ्यांनी पाहता यावे म्हणूनच.

आता रनएक्स-१ बिघडलेल्या म्युटंटचा विचार कर. दुसऱ्या दिवशी त्याच्यात रक्त वाहताना दिसते, कारण पहिली लाट शाबूत असते. नंतर, दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, त्याचे रक्त ओसरते आणि बहुतेक पिल्ले मरतात. काही मात्र पुन्हा रक्त तयार करतात आणि प्रौढ होतात. एकच मासा, एकच म्युटेशन, आणि तीन वेळी पाहिले तर तीन निष्कर्ष. दुसऱ्या दिवशी पाहून थांबणाऱ्याने रक्तविकासातील एका सर्वांत महत्त्वाच्या जनुकाला निरुपयोगी ठरवले असते. तुझी म्युटंटची सगळी छायाचित्रे ४८ तासांची आहेत. मग तुझ्या कमिटीतील सदस्यांनी नेमके काय पाहून मत दिले?

मॉर्फोलिनोबद्दलही तितकेच कठोर राहावे लागेल. २०१५ मध्ये मॉर्फोलिनो आणि म्युटंट यांची समोरासमोर तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा मॉर्फोलिनोने दिसणाऱ्या दोषांपैकी बराच मोठा भाग म्युटंटमध्ये आढळला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवले की काही म्युटंटमध्ये सदृश जनुके अधिक काम करून उणीव भरून काढतात, आणि २०१९ मध्ये त्यामागची यंत्रणाही उलगडली: मोडलेल्या जनुकावरून उतरलेल्या नकलेचे, म्हणजे संदेशक आरएनएचे, विघटन होते आणि त्या विघटनातूनच सदृश जनुकांना चालना मिळते. त्यामुळे तुझ्यापुढे निदान तीन शक्यता आहेत. मॉर्फोलिनो विषारी ठरले असेल, म्युटंट भरपाई करत असेल, किंवा म्युटंटच्या आईने अंड्यात भरून दिलेल्या चांगल्या आरएनएवर पहिली लाट निभावली असेल. यांतील एकही शक्यता वाद घालून निकालात निघत नाही. तेच मॉर्फोलिनो, त्याच मात्रेत, म्युटंट भ्रूणांत टोच. तिथेही रक्त गेले तर मॉर्फोलिनोवर संशय घे, टिकले तर भरपाईचा माग काढ. भरपाईच निघाली, तर प्रमोटर, म्हणजे जनुक सुरू करणारा भाग, काढून टाकलेला, आरएनए बनवतच नाही असा दुसरा म्युटंट कर. म्युटंट मादी प्रौढ होत असेल तर तिच्याच अंड्यांवर प्रयोग कर, म्हणजे आईकडून आलेल्या चांगल्या आरएनएची शक्यताही तपासली जाईल. जनुकाची दुसरी प्रत आहे का, हे तू पहिल्याच आठवड्यात पाहिले असशील असे धरते. या माशांच्या पूर्वजात संपूर्ण जीनोम दुप्पट झाला होता, आणि गाटा-२ या जनुकाच्या दोन प्रतींनी रक्तवाहिनीचे आणि रक्तमूलपेशींचे काम बऱ्याच अंशी वाटून घेतले आहे.

सिंगल सेल सिक्वेन्सिंग (एकेका पेशीत कोणती जनुके चालू आहेत हे यंत्राने वाचणे) केले की सारे उलगडेल, असे तू शेवटी लिहिले आहेस. ते वाचून माझा संयम थोडा सुटला. यंत्रात घालायच्या पेशी तू कोणत्या तासाच्या भ्रूणांतून काढणार आहेस? शेपटीतून की धडातून? त्या तासाला पाहण्याजोगे काही घडत आहे हे आधी डोळ्यांनी पाहिले नसेल, तर हजारो पेशींचा रंगीत नकाशा हाती येईल आणि त्यात आपल्याला काय शोधायचे आहे हेच कळणार नाही. आधी कोणत्या पेशीत, कोणत्या तासाला. त्यानंतर यंत्र.

हे मी इतक्या हट्टाने का सांगते, त्याचे कारण जनुक नियमनाच्या, म्हणजे जनुके केव्हा आणि कुठे चालू होतात या, विषयातच आहे. मूनशाईन नावाचा म्युटंट घे. झेब्राफिशमधील म्युटंट शोधण्याच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या मोहिमांमधून तो पुढे आला. त्याच्यात तांबड्या पेशी जवळजवळ नसतात. २००४ मध्ये कळले की त्याच्यात टिफ-१-गॅमा हे जनुक बिघडलेले आहे. तिथे थांबता आले असते. परंतु बॉस्टनच्या गटाने त्या रक्तहीन माशांत आणखी म्युटेशने घडवली आणि कोणत्या भ्रूणात रक्त परत येते हे पाहत बसण्याचा मार्ग धरला. असे एक म्युटेशन सापडले, त्याला सनराईज म्हणतात, आणि त्यात सीडीसी-७३ हे जनुक बिघडलेले होते. त्यातून २०१० मध्ये जे स्पष्ट झाले ते मला आजही थक्क करते. तांबड्या पेशींच्या जनुकांवर आरएनए पॉलिमरेज, म्हणजे जनुक वाचून आरएनए बनवणारे विकर, आधीच पोहोचलेले असते, पण थोडे पुढे जाऊन थबकते. टिफ-१-गॅमा त्याला पुढे नेणारे घटक तिथे आणते, आणि थबकवणारा एक घटक दुबळा झाला तर टिफ-१-गॅमा नसतानाही काम बरेचसे सुरू होते. म्हणजे अडचण जनुक सुरू होण्यात नव्हती, सुरू झालेले जनुक शेवटपर्यंत वाचले जाण्यात होती. नियमनाचा हा टप्पा भ्रूण पाहता पाहता हाती लागला.

त्याच टिफ-१-गॅमाची दुसरी बाजूही लक्षात घे. गाटा-१ हा नियामक घटक होतकरू रक्तपेशीला तांबड्या पेशींकडे नेतो, पीयू-१ मायलॉइड पेशींकडे, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका गटाकडे, आणि दोघे एकमेकांना दाबून ठेवतात, असे आपण शिकवतो. माशांत गाटा-१ काढून घेतला की तांबड्या होऊ घातलेल्या पेशी मायलॉइड वाटेला लागतात, हे २००५ मध्ये दिसले. पण २०११ मध्ये असेही दिसले की या दोघांचे नाते रक्तपेशींच्या प्रत्येक गटात सारखे नसते आणि टिफ-१-गॅमा ते बदलतो. पाठ्यपुस्तकातील बाण खरा आहे, पण तो कोणत्या पेशीत आणि कोणत्या तासाला खरा आहे हे सांगितल्याशिवाय अपुरा आहे.

माझ्या वाट्याला आलेली एक हळहळ सांगते. माझ्याकडे म्युटंटची एक लाइन, म्हणजे पिढ्यानपिढ्या जपलेला वंश, होती. तिच्यात पहिली लाट निर्दोष असे आणि महाधमनीच्या तळाशी रनएक्स-१ चालू असलेल्या पेशी मात्र फार थोड्या असत. मी रात्री दर दोन तासांनी भ्रूणे काढून रंगवत असे. लोक म्हणत की हिला हट्ट आहे, इतक्या वेळात चार निबंध झाले असते. छोटा निबंध एकच झाला. प्रकल्पाचा निधी संपल्यावर टाक्या रिकाम्या कराव्या लागल्या, वीर्य गोठवून ठेवण्याची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती, आणि ती लाइन कायमची गेली. तिच्यातले कारण मला कधीच कळणार नाही, आणि हे मला आजही लागते. पण त्या रात्रींबद्दल मला खंत नाही. त्या निबंधातील एकही वाक्य मला आजवर मागे घ्यावे लागलेले नाही, आणि निबंधांची संख्या विचारणाऱ्यांना मी एवढेच उत्तर देत आले आहे. क्लोश हा म्युटंट १९९५ मध्ये जगापुढे आला. त्याच्यात रक्तही नाही आणि रक्तवाहिन्यांचे अस्तरही जवळजवळ नाही. त्याचे जनुक गुणसूत्राच्या अगदी टोकाशी दडले असल्याने ते २०१६ मध्ये सापडले. त्या एकवीस वर्षांत कोणी वेगाने निबंध मोजले असतील. क्लोशवर टिकून राहिलेल्यांनी प्रश्न सोडवला.

तेव्हा आता कामाला लाग. इन्क्युबेटर २८.५ अंशांवर आहे याची स्वतः खात्री कर, कारण आपण सारे जे तास लिहितो ते या तापमानाचे आहेत. थंडीच्या दिवसांत वीज गेली की भ्रूण मागे पडते आणि घड्याळ पुढे जाते. म्हणून पहिल्या दिवशी घड्याळाबरोबर सोमाइटही, म्हणजे भ्रूणाच्या पाठीशी क्रमाने तयार होणारे खंड, मोज. म्युटंट आणि त्यांची निरोगी भावंडे एकाच जोडीच्या अंड्यांतून घे. १८, २४, ३०, ३६ तास आणि त्यानंतर चौथा, आठवा, बारावा दिवस, असे टप्पे ठेव. लवकरच्या टप्प्यांना गाटा-१ आणि पीयू-१, महाधमनीसाठी रनएक्स-१ कुठे चालू आहे ते रंगवून पाहा, आणि हिमोग्लोबिनसाठी ओ-डायनिसिडाइन हा रंग वापर. जीनोटाइप, म्हणजे कोणते भ्रूण म्युटंट आहे याची तपासणी, रंगवून आणि छायाचित्र काढून झाल्यावरच कर, म्हणजे डोळ्याला आधीच उत्तर ठाऊक राहणार नाही.

गाईडांना हा आराखडा दाखव, आणि त्यांनी घाईचे कारण सांगितले तर ते नीट ऐकून घे. फेलोशिपच्या मुदतीची काळजी त्यांना खरोखरच आहे. पण नर-मादीच्या जोड्या (क्रॉस) लावण्याआधी तुझ्या लाइनमधील दोन-तीन नरांचे वीर्य गोठवून ठेव. तुमच्याकडे सोय नसेल तर कळव, मी ज्यांच्याकडे ती आहे त्यांना आजच फोन करते.