'द फिश' कवितेतल्या उपमांची यादी झाली, आता विश्लेषणात काय लिहू?

तुम्ही म्हणताय, अमेरिकन कवयित्री एलिझाबेथ बिशप यांच्या 'द फिश'मधल्या सगळ्या उपमा शोधून लिहिल्या, तरी 'हे विश्लेषण नाही' असा शेरा मिळाला. मलाही एकदा अगदी हाच शेरा बसला होता. यादी चुकत नाही हो, पण उपमा कुठे येते आणि पुढे तिचं काय होतं, ते यादीत दिसत नाही.

कविता १९४० सालची. ७६ ओळी, मध्ये एकही कडवं नाही. भाड्याच्या होडीत गळाला भलामोठा मासा लागतो, कवितेतली निवेदिका त्याला न्याहाळत राहते आणि शेवटी सोडून देते. बस, एवढीच गोष्ट.

सुरुवातीला ती माशाला घरातल्या वस्तूंत बसवते. कातडी जुनाट वॉलपेपरसारखी पट्ट्यापट्ट्यांनी लोंबतेय, तिच्यावर विटलेल्या गुलाबांसारखे आकार. मग डोळे येतात. त्यांनाही ती काळवंडलेला चंदेरी कागद (टिनफॉइल), ओरखडे पडलेला अभ्रक असं काहीबाही देऊन बघते, पण मासा नजरेला नजर देत नाही. डोळे हलतात ते एखादी वस्तू उजेडाकडे कलावी तसे. माझ्या मते कविता इथेच वळते, शेवटी नव्हे.

कारण यानंतर ती स्वतःचंच बोलणं दुरुस्त करायला लागते. 'ओठ' म्हणते आणि लगेच 'ओठ म्हणता येत असेल तर'. त्यातून लोंबणारे गळाच्या दोरीचे पाच तुकडे, लगेच 'किंवा चार, आणि एक तार'. या दुरुस्त्यांवर एक अख्खा परिच्छेद लिहा. नीट मोजल्यावरच तिला कळतं की हा पाच वेळा दोरी तोडून निसटलाय. आणि मग ते तुकडे 'फितीवरच्या पदकांसारखे' होतात, पाठोपाठ 'शहाणपणाची पाच केसांची दाढी'. उपमेवरून थेट रूपकावर उडी.

एक गोष्ट मराठी वाचकाच्या हातून हमखास सुटते. आपल्याकडे मासा 'तो'च असतो. इंग्रजीत माशाला सहसा निर्जीवासारखं सर्वनाम लावतात. बिशप मात्र दुसऱ्या ओळीपासूनच त्याला पुरुषवाचक सर्वनाम लावतात.

यमक जवळजवळ नाहीच. शेवटी मात्र 'रेनबो' तीनदा येतो आणि त्याला 'गो' जुळतो. ते इंद्रधनुष्यही आकाशातलं नाही, होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यावर पसरलेल्या तेलाचं आहे. विजय होडीभर पसरला असं ती म्हणते. कोणाचा, ते सांगत नाही. छंदाबद्दल 'ओळीत दोन-तीन आघात', म्हणजे जोर देऊन उच्चारायच्या जागा, एवढं पुरे.

तुमच्या यादीतलं पिओनीचं फूल मात्र काढू नका. ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला दिलंय, म्हणजे तिने न पाहिलेल्या गोष्टीला.