गरोदरपणात सिफिलिसची व्हीडीआरएल तपासणी रिॲक्टिव्ह (पॉझिटिव्ह) आली, तर औषधासाठी तिसरा महिना सरेपर्यंत थांबायचं?

अगं, तुला आठवा आठवडा, सिफिलिसची (लैंगिक संबंधातून होणाऱ्या आजाराची) व्हीडीआरएल 1:16, खात्रीची दुसरी रक्ततपासणी टीपीएचए पण पॉझिटिव्ह, आणि सासूबाई म्हणतात तिसरा सरेपर्यंत पेनिसिलिनची सुई नको. त्यांचं बाकी सगळं ऐक, हे नको. मी इथे इंदूरलाच बाळंतिणींच्या वॉर्डात 22 वर्षं नर्स होते.

नुसती व्हीडीआरएल असती तर मीही म्हटलं असतं, आधी खात्री कर. गरोदरपणात ती कधीकधी उगाच पॉझिटिव्ह येते. पण टीपीएचए आली आणि आधी उपचार झालेला नाही, मग शंका कसली? सिफिलिसचे जंतू वारेतून बाळापर्यंत जातात, त्यासाठी सातव्या-आठव्या महिन्याची वाट बघत नाहीत. औषध टाळलं तर गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच जाऊ शकतं. पेनिसिलिनने बाळाला धोका नाही, उलट बाळापर्यंत पोचून काम करणारं भरवशाचं औषध तेवढंच. मेडिकलवाल्याने ‘त्याऐवजी’ म्हणून डॉक्सी (डॉक्सीसायक्लिनची गोळी) दिली तर घेऊ नकोस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर मात्र आधीच सांग.

लागण कधीची ते ठाऊक नाही म्हणून डॉक्टरांनी पेनिसिलिनची 24 लाख युनिटची 3 इंजेक्शनं लिहिलीत, आठवड्याला एक. वार चुकवू नकोस, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. औषध दुधासारखं पांढरं, घट्ट असतं. अर्धं-अर्धं दोन्ही कुल्ल्यांत देतात. दुखतं, खोटं कशाला सांगू. उपाशी जाऊ नकोस, पोहे खाऊन जा, आणि नंतर अर्धा तास तिथेच बस. त्या रात्री ताप, थंडी, अंगदुखी झाली तर घाबरू नकोस, जंतू मरताना असं होतं. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घे. पोटात कळा आल्या किंवा अंगावरून गेलं, तर मात्र लगेच दवाखाना.

आता तुझे ‘हे’. त्यांना तपासणी नको आहे, कारण घरात संशयाचं वातावरण झालंय. त्यांना सांग, कुणाकडून कुणाला हे रिपोर्टवर लिहिलेलं नसतं, आणि लागण कित्येक वर्षं गुपचूप राहू शकते. पण त्यांनी औषध घेतलं नाही तर तुला पुन्हा होणार, तोवर जवळीक बंद. ओळखीच्या डॉक्टरांची लाज वाटत असेल तर सरकारी दवाखान्यातलं सुरक्षा क्लिनिक गाठा, तिथे तपासणी-औषध फुकट असतं. दोघांची एचआयव्ही पण करून घ्या.

पुढच्या व्हीडीआरएल एकाच लॅबमध्ये कर, आकडा 1:16 वरून 1:4 पर्यंत उतरायला हवा, वेळ लागतो. टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्हच राहील. ही फाइल बाळंतपणाला जाताना सोबत ने, बाळाचंही रक्त तपासतील.