ग्रीक पुराणांत सूडाला पेटलेल्या देवांपासून पोटातलं बाळ वाचवणारी लढवय्यी आई खरंच आहे का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: ‘झीना’ या जुन्या मालिकेत नायिका गरोदर असताना ग्रीक देव तिच्या बाळाच्या जिवावर उठतात. ही गोष्ट मूळ ग्रीक पुराणांत आहे, की मालिकावाल्यांनी रचली? आणि देवांना खरोखर मारता येतं का?

गोष्ट मालिकावाल्यांचीच. झीना नावाची योद्धा ग्रीक पुराणांत कुठेही नाही, आणि पोटुशी असताना तलवार उपसून देवांना भिडणारी दुसरीही कुणी मला माहीत नाही. पण ज्या भीतीवर ते कथानक उभं आहे ती अस्सल ग्रीक आहे. तुम्ही शोधताय ती आईसुद्धा तिथे आहे. तिचं नाव लेटो. तिच्या हातात शस्त्र नाही, पण हट्टाला ती कुणाला हार जाणारी नाही.

मालिकेचं आधी उरकतो. ती १९९५ ते २००१ चालली. पाचव्या सीझनच्या वेळी ल्युसी लॉलेस ही नायिका खरंच गरोदर होती आणि ते लपवत बसण्याऐवजी कथेतच घेतलं गेलं. मग भविष्यवाणी आली: या मुलीमुळे ऑलिंपसच्या देवांचा अस्त होणार. झालं, सगळे देव हात धुऊन मागे लागले.

आता ही भीती कुठली ते बघा. हेसिअड या प्राचीन ग्रीक कवीच्या ‘थिऑगनी’त देवांच्या तीन पिढ्या येतात आणि तिन्ही पिढ्यांतला राजा आपल्याच पोरांवर उठतो; पुढच्या दोघांना तर धास्तीच, आपलंच पोर आपल्याला गादीवरून खेचणार. कंसाची गोष्ट ऐकत वाढलेल्या आपल्याला हे ओळखीचं वाटतं, फक्त इथे मामाच्या जागी खुद्द बाप आहे. पहिला युरेनस, म्हणजे आकाश. त्याला मुलं डोळ्यांसमोर नकोत, म्हणून तो त्यांना गायाच्या, म्हणजे पृथ्वीच्या, पोटात परत कोंबायचा. गाया वेदनेने कण्हत होती. शेवटी तिने करड्या, अभेद्य धातूचा विळा घडवला, मुलांपुढे ठेवला आणि विचारलं, कोण तयार आहे? सगळे घाबरून गप्प. धाकटा क्रोनस तेवढा हो म्हणाला. तिने त्याला दबा धरून बसवलं आणि रात्री युरेनस जवळ आला तेव्हा क्रोनसने त्या विळ्याने बापाचं लिंग छाटून टाकलं.

दुसरा हाच क्रोनस. त्याने मुलं गिळायचा सपाटा लावला: हेस्टिया, डिमीटर, हेरा, हेडीस, पोसायडन. सहाव्या खेपेला रिया गुपचूप क्रीट बेटावर जाऊन बाळंत झाली आणि नवऱ्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेला धोंडा ठेवला. तोही त्याने गिळला. वाचलेलं बाळ म्हणजे झ्यूस.

तिसरा झ्यूस, आणि तो या दोघांपेक्षा पक्का. त्याची पहिली बायको मेटिस, बुद्धीची देवी. तिला आधी मुलगी होईल आणि मग असा मुलगा होईल जो देवांचा आणि माणसांचा राजा बनेल, असं त्याला सांगण्यात आलं. आजोबा आणि बाप मुलं जन्मायची वाट पाहत बसले. याने गोड बोलून गरोदर मेटिसलाच गिळून टाकलं. विषय संपला असं त्याला वाटलं असणार. पण एका जुन्या काव्यतुकड्याच्या रूढ अर्थाप्रमाणे मेटिसने त्याच्या पोटात बसून मुलीसाठी एजिस घडवली, ज्या कवचाला बघून फौजा पळतात ते. पुढे झ्यूसच्या डोक्यातून अथेना बाहेर आली ती हत्यारबंद. ‘लढवय्यी आई’ या शब्दांना धरूनच उत्तर हवं असेल तर माझं मत मेटिसला. नवऱ्याने गिळल्यावरही जिने लेकीला शस्त्रसज्ज करून बाहेर पाठवलं, तिला आणखी काय म्हणणार? गायाचा विळा आणि मेटिसची एजिस एकत्र पाहिली की एक गोष्ट दिसते: ग्रीक आई शस्त्र चालवत नाही, घडवते, आणि योग्य हातात देते.

आता लेटो. तिची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिच्याकडे घडवायलाही काही नाही.

लेटोला झ्यूसपासून दिवस गेले आणि झ्यूसची बायको हेरा खवळली. कॅलिमॅकस हा इ. स. पू. तिसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा कवी. हेरा का चिडली ते तो नेमकं सांगतो: लेटोचा मुलगा झ्यूसला आरेसपेक्षा, म्हणजे हेराच्या मुलापेक्षा, युद्धाच्या देवापेक्षा लाडका होणार होता. म्हणजे सवतीमत्सर आहेच, वर आपल्या लेकाच्या जागेचाही सवाल आहे. हेराने पहारे बसवले. मुख्य भूमीवर नजर ठेवायला हीमस पर्वतावर आरेस, बेटांवर नजर ठेवायला मिमास पर्वतावर देवांची दूती आयरिस. लेटोला थारा देईल त्याची गाठ आमच्याशी, असा एकूण दम. (तुमच्या मालिकेत आरेस शेवटी त्या आईसाठी आपलं देवपण सोडतो. मूळच्या आरेसला हे सांगितलं तर तो भाला घेऊनच धावेल.)

मग सुरू होते गर्भारशी बाईची वणवण, आणि ती नुसती हकालपट्टीची यादी नाही. कॅलिमॅकसच्या काव्यात गावं, डोंगर, नद्या चक्क पळून जातात. आर्केडिया पळालं, थीब्ज पळालं. थेसलीत पेनिओस नदी पळत असताना लेटोने तिला अक्षरशः विनवलं. नदी थांबली. म्हणाली, आटून गेले तरी चालेल, पण ये. आरेसने पँगायॉन पर्वताची शिखरं उपटून तिच्यावर टाकायची तयारी केली आणि भाल्याने ढाल बडवली, तेव्हा आसपासचे डोंगर हादरले. नदी तरीही हलेना. तेव्हा लेटोच म्हणाली, माझ्यापायी तुझं वाटोळं नको, तू स्वतःला वाचव. आणि पुढे निघाली. दिवस भरलेली बाई, पाठीवर युद्धाचा देव, आणि तिला काळजी नदीची. मला तरी या प्रसंगापुढे पडद्यावरच्या सगळ्या तलवारी फिक्या वाटतात.

त्याच काव्यात पोटातला अपोलो बोलतोसुद्धा. कॉस बेट जवळ आल्यावर तो आईला सांगतो, मला इथे जन्म देऊ नकोस, हे बेट दुसऱ्या एका देवासाठी राखलेलं आहे. तो ‘देव’ म्हणजे कॅलिमॅकसचा आश्रयदाता, इजिप्तचा राजा टॉलेमी दुसरा, जो कॉसवर जन्मला होता. दरबारी कवीची हुशारी! पोटातल्या बाळाच्या तोंडून राजाची खुशामत करून घेतली.

अखेर थारा दिला डेलॉसने. या बेटाचं आधीचं नाव अ‍ॅस्टेरिया, आणि अ‍ॅस्टेरिया ही लेटोचीच बहीण. झ्यूसच्या तावडीतून सुटायला तिने समुद्रात उडी घेतली आणि तिचं तरंगतं बेट झालं. म्हणजे जिने झ्यूसला नाकारलं तिने, जिला झ्यूसपासून दिवस गेले तिला आसरा दिला. हेराने नंतर अ‍ॅस्टेरियाला माफ केलं तेही तिने झ्यूसला नकार दिला होता म्हणूनच.

अपोलोचं होमरिक स्तोत्र याहून बरंच जुनं आहे. त्यात लेटो आणि डेलॉस यांच्यातला सौदा आहे, आणि तो फार सुरेख आहे. बेटाला शंका येते: हा मुलगा म्हणे भयंकर गर्विष्ठ निघणार. माझी ही खडकाळ जमीन बघून त्याने मला लाथेने समुद्रात ढकललं तर? मग माझ्यावर ऑक्टोपस आणि सील घरं करतील आणि तो आपलं देऊळ दुसरीकडे बांधेल. लेटो बेटावर रागावत नाही, गयावयाही करत नाही. ती पृथ्वी, आकाश आणि स्टिक्स नदीच्या पाण्याची शपथ घेते, की त्याचं पहिलं देऊळ इथेच होईल. स्टिक्सची शपथ देवांनाही मोडता येत नाही. नापीक बेटाला कायमची यात्रा मिळाली, लेटोला बाळंतपणाला जागा मिळाली.

पण हेरा तेवढ्यावर थांबणारी नव्हती. बाळंतपणाची देवी आयलिथिया हिला तिने ऑलिंपसवर सोनेरी ढगांच्या आड बसवून ठेवलं, खाली काय चाललंय याचा तिला पत्ताच नाही. लेटो नऊ दिवस आणि नऊ रात्री कळा देत अडून राहिली. भोवती डायोनी, रिया, थेमिस, अँफिट्राइटी अशा मोठमोठ्या देवी जमल्या होत्या. त्यांनी शेवटी आयरिसला पाठवलं, आणि बजावलं की हेराच्या कानावर न जाऊ देता बोलाव. हात हलवत नाही पाठवलं: सोन्याच्या तारांत ओवलेला नऊ हात लांबीचा हार कबूल केला. आयलिथिया निघाली. दोघी कबुतरांच्या चालीने आल्या असं स्तोत्र म्हणतं. तिचा पाय बेटावर पडला मात्र, लेटोने खजुराच्या झाडाला मिठी मारली, मऊ गवतावर गुडघे टेकले आणि बाळ झालं.

या सगळ्यात झ्यूस कुठे होता? स्तोत्रात तो मदतीला येत नाही. अश्वत्थाम्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर आलं तेव्हा कृष्ण धावला. लेटोसाठी बाळाचा बापही हलला नाही. नंतरच्या एका लॅटिन कथेत तो थोडं काही करतो: पायथॉन नावाचा अजगर गर्भार लेटोच्या मागे लागतो, तेव्हा झ्यूसच्या हुकमाने उत्तरेचा वारा तिला उचलून समुद्रदेवाकडे नेतो. ऊन पडतं अशा जागी बाळंत व्हायचं नाही असा हेराचा फतवा असल्यामुळे समुद्रदेव बेटावर लाटांचं छप्पर धरतो. कायद्यातली पळवाट म्हणतात ती हीच. अपोलोडोरसच्या ग्रंथात आणखी एक बहार आहे: जुळ्यांपैकी आर्टेमिस आधी जन्मली आणि जन्मल्या जन्मल्या भावासाठी आईची सुईण झाली.

हेराचा हाच डाव हरक्युलिसच्या आईवर, अल्कमीनीवरही झाला. ‘इलियड’मध्ये झ्यूस फुशारकी मारतो, की आज माझ्या रक्ताचा जो जन्मेल तो आसपासच्या सगळ्यांवर राज्य करेल. हेरा त्याच्याकडून शपथ वदवून घेते, अल्कमीनीच्या कळा थांबवते आणि झ्यूसच्याच वंशातल्या स्थेनेलसच्या बायकोला सातव्या महिन्यातच मोकळं करते. झाला युरिस्थियस राजा, आणि हरक्युलिस त्याचा ताबेदार. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यात बाळंतपणाची देवी दाराशी गुडघ्यावर गुडघा चढवून, बोटांत बोटं अडकवून बसते, आणि ती तशी बसली आहे तोवर बाळ बाहेर येईना. सात दिवस हाल. शेवटी गॅलँथिस नावाच्या दासीला संशय येतो. ती बाहेर येऊन थाप मारते: अभिनंदन करा, बाईसाहेब सुटल्या! देवी दचकून उठते, बोटं सुटतात, आत हरक्युलिस जन्मतो. दासीला हसू आवरत नाही. त्या हसण्याची शिक्षा म्हणून तिचं मुंगसासारखं एक जनावर होतं. देवांना फसवण्याची किंमत बरेचदा अशी तिसऱ्याच गरिबाने मोजलेली असते.

लेटो सोशिक होती म्हणून ती गरीब गाय समजू नका. जुळी तान्ही घेऊन ती तहानलेली लिशियात एका तळ्यावर गेली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी तिला पाणी पिऊ दिलं नाही, उलट तळ्यात नाचून चिखल ढवळला. तिने त्यांचे बेडूक केले. थीब्जची राणी नायोबी हिने ‘तिला दोनच, मला चौदा’ असा टेंभा मिरवला, तर लेटोच्या दोन मुलांनी बाणांनी तिची सगळी मुलं मारली (होमर बारा म्हणतो). हे क्रौर्यच आहे आणि ते मी मायेच्या नावाखाली झाकणार नाही. सूड फक्त हेराच घेते असं नाही.

रणांगणावरही लेटो एकदा दिसते, ‘इलियड’च्या एकविसाव्या सर्गात. हेरा आर्टेमिसला तिच्याच धनुष्याने कानफटवते आणि ती रडत पळून जाते. लेटोसमोर उभा असलेला हर्मीस हा देव सरळ सांगतो, मी काही तुझ्याशी लढत नाही, तू मला हरवलंस असं खुशाल सांग. आणि लेटो धुळीत पडलेले लेकीचे बाण एकेक करून गोळा करते.

डेलॉस आजही आहे, मिकोनोसच्या शेजारी. १९९० पासून जागतिक वारसा यादीत आहे. इ. स. पू. ४२६ च्या हिवाळ्यात अथेन्सकरांनी ते ‘शुद्ध’ केलं, सगळी थडगी उकरून हलवली आणि नियम केला: या बेटावर कुणी मरायचं नाही आणि कुणी बाळंतही व्हायचं नाही. दिवस भरलेल्या बायकांना शेजारच्या रेनिया बेटावर नेत. ज्या बेटाची सारी पुण्याई एका अडलेल्या बाईला जागा दिल्याची, तिथे बाळंतपणाला बंदी! धर्मकारण कुठलंही असो, बायकांच्या वाट्याला येतं ते साधारण हेच.

राहिला दुसरा प्रश्न. झीना देवांना मारते, पण ग्रीक देव अमर असतात. त्यांना जखम होते, ते ओरडतात, पळतात, मरत नाहीत. ‘इलियड’मध्ये डायोमिडीस हा ग्रीक योद्धा अथेनाच्या मदतीने आरेसच्या पोटात भाला खुपसतो, तेव्हा तो नऊ-दहा हजार माणसांच्या आवाजात किंचाळतो आणि बापाकडे गाऱ्हाणं घेऊन जातो. मरणाच्या जवळ जाऊन आलेला मला आठवतो तोही आरेसच. ओटस आणि एफिअल्टीस या दोन भावांनी त्याला बांधून तेरा महिने काशाच्या रांजणात डांबलं होतं. होमर म्हणतो, हर्मीसने चोरून सोडवलं नसतं तर तो तिथेच संपला असता. आणि हर्मीसला ही खबर दिली ती त्या दोन भावांच्या सावत्र आईने.