कृमींची अंडी मोजायला बसण्यापूर्वी

काटो-काट्झ पद्धतीने, म्हणजे ठरावीक मापाची विष्ठा ग्लिसरीनमध्ये भिजवलेल्या सेलोफेनखाली दाबून, सूक्ष्मदर्शकासाठी काचपट्टी तयार झाली की घड्याळ समोर ठेवा, कारण ग्लिसरीनमुळे अंकुशकृमीची पातळ कवचाची अंडी तासाभरात दिसेनाशी होतात, तर गोलकृमीची जाड, खडबडीत कवचाची अंडी दुसऱ्या दिवशीही ओळखता येतात. चहा नंतर घ्या. ४१.७ मिलिग्रॅमच्या नमुन्यातील अंड्यांच्या संख्येला २४ने गुणले की प्रतिग्रॅम संख्या मिळते. मात्र गावाच्या सरासरीवर विसंबू नका. बहुसंख्य कृमी मोजक्याच माणसांच्या आतड्यांत असतात आणि बाकीच्यांकडे जवळपास काहीच नसते, म्हणून प्रत्येक व्यक्तीची नोंद स्वतंत्र ठेवा, शून्य आलेलीसुद्धा. एका दिवसाच्या नमुन्यात हलका संसर्ग सहज निसटतो. तेव्हा ते शून्य पक्के करण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीचा नमुना अवश्य मागवावा, असे माझे मत आहे.