कांगा छापण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल आणि सोबतचा प्रस्ताव, दोन्ही काल रात्री बसून वाचले. मेलमध्ये तू गोंधळलेली आहेस आणि मला ते बरं वाटलं. प्रस्तावात मात्र गोंधळाचा मागमूस नाही. टांझानियाच्या किनारपट्टीवरच्या गरोदर बायकांसाठी कांगावर, म्हणजे तिकडच्या बायका नेसतात त्या छापील कापडावर, आरोग्याचे संदेश छापायचे, ढोल वाजवून गाव जमवायचं, वर्षअखेरीस ॲप आणायचं. शेवटी एक तक्ता. पहिल्या रकान्यात माध्यम, दुसऱ्यात संदेश, तिसऱ्यात किती जणींपर्यंत पोचणार तो आकडा. चौथा रकाना शोधत मी पान उलटलं, तर मागे कोरं.

तू विचारतेस, ‘ताई, यातलं सर्वांत परिणामकारक माध्यम कुठलं?’ त्याचं उत्तर मी देणार नाही. तू मला आधी सांग, ती बाई तुला उत्तर कुठून देणार? चौथा रकाना तो. तो भरला की बाकीचे तीन आपोआप बदलतील.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, हे तुला ठाऊक आहे, मलाही आहे. त्यावर शब्द खर्च करत नाही.

कांगापासून सुरुवात करते, कारण त्यावर तुझा सगळ्यात जास्त खर्च आहे आणि तुझं सगळ्यात कमी लक्ष. दारेसलामला उतरलीस की सामान टाकून उहुरू स्ट्रीटवर जा. काही विकत घेऊ नकोस, नुसती उभी राहा. कांगाच्या चळती लागलेल्या असतात. गिऱ्हाईक आलं की दुकानदार वरची घडी सोडतो. बाई रंग बघते, काठ बघते, त्याला पिंडो म्हणतात. मधला भाग म्हणजे म्जी. पण तिचं बोट जातं खालच्या काठाच्या वर छापलेल्या एका ओळीवर. ती जीना. ओळ पसंत पडली नाही तर रंग कितीही गोड असो, घडी परत जाते. कांगा जोडीनं विकतात. मधून कापायचा, कडांना टीप मारायची, एक कमरेला, दुसरा खांद्यावर नाहीतर डोक्यावरून. आणि नेसल्यावर ती ओळ बहुतेक वेळा पाठीमागे येते. नेसणारीला ती दिसत नाही, मागून चालणाऱ्याला दिसते.

आता सांग, ती बाई संदेश ‘घेते’ आहे का? ती बोलते आहे. ‘सिंहाच्या दातांना भिते, माणसाच्या शब्दांना नाही’ ही किनाऱ्यावरची गाजलेली ओळ. ‘दुसऱ्याच्या ताऱ्यावर आपलं गलबत हाकू नकोस’ ही दुसरी. अशी ओळ कुणी हवेत सोडत नाही. शेजारीण असते, सवत असते, सासू असते, बाहेरून उशिरा येणारा नवरा असतो. टांगा शहरात मी ज्या आळीत राहायचे तिथे दोघी नणंदा-भावजयांचा अबोला होता. एकीनं सिंहाचा कांगा नेसून दुसरीच्या ओट्यावरून पाणी भरलं. पुढच्या आठवड्यात दुसरी नवा कांगा नेसून आली, ‘मिळत नसलं तरी आशा सोडत नाही.’ आळीतल्या बायकांनी दोन्ही ओळी वाचल्या, कोण कुणाला काय म्हणालं ते सगळ्यांना कळलं, आणि कुणी विचारलंच तर दोघींकडे एकच जबाब तयार होता, ‘मी तर कापड घेतलं.’ तोंडानं काढता येत नाही ते कापडानं काढायचं, आणि समोरचीला त्याच कापडातून परतफेड करायची मुभा ठेवायची.

हे कापड कित्येक दशकं आपल्याकडे छापलं जायचं, मुंबईच्या गिरण्यांत, पुढे गुजरातेत जेतपूरला. केनियातल्या मोम्बासाच्या कादरदिना हाजी इसाक यांच्या पेढीचा ‘माली या अब्दुल्ला’ हा छाप आजही किनाऱ्यावर मानाचा आहे. ओळी आधी अरबी लिपीत असत, नंतर रोमन लिपीत आल्या. स्वाहिली भाषा न येणाऱ्या हातांनी छापल्या, तरी त्या खपल्या, कारण काय छापायचं ते तिकडच्या बायका ठरवत होत्या. न पटलेली ओळ दुकानात पडून राहायची. व्यापाऱ्याला तोटा झाला की त्याला उत्तर मिळालं. तू फुकट वाटणार आहेस. फुकट वाटलेल्या कांगाला नको म्हणायची सोयच नसते, आणि ती सोय तू काढून घेतेस हे तुझ्या लक्षातही आलेलं नाही.

मी ज्या प्रकल्पात होते तिथेही हेच झालं. संस्थेचं नाव घेत नाही, त्यातली माणसं भली होती. गरोदरपणी तपासणीला या, अशा अर्थाची ओळ छापून गाड्या भरभरून कांगे गेले. बायकांनी घेतले, हसून घेतले. पावसाळ्यानंतर मी त्याच गावांतून फिरले. एकावर कसावा वाळत घातला होता. एक शौचकुपाच्या दाराला टांगला होता. अंगावर मला एकही दिसला नाही. अहवालात मात्र वाटपाचा आकडा ‘पोचलेल्या महिला’ म्हणून आला.

तेव्हा मी ओट्यावर बसून विचारायला लागले, ‘तुम्ही छापला असता तर काय लिहिलं असतं?’ पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. मग एकजण म्हणाली, ‘भाडं दे, दोघं परत येऊ.’ दोघं म्हणजे ती आणि बाळ. माझ्या अंगावर काटा आला. तपासणीला जायला हवं हे त्यांना आमच्या आधीपासून माहीत होतं. दवाखान्यापर्यंतच्या डालाडालाचं, म्हणजे त्या मिनीबसचं भाडं नवऱ्याच्या खिशात होतं. आमची ओळ बायकांना उद्देशून होती. त्यांना नवऱ्याला वाचायला लावायची ओळ हवी होती, त्यांच्या पाठीवर, तो मागून चालत असताना. जिचं उत्तर ऐकायची सोय आम्ही ठेवली नव्हती, तिच्याकडेच प्रकल्पाचं सगळं शहाणपण होतं.

मी तो अहवाल सही न करता परत पाठवला. कार्यालयातले लोक म्हणाले, देणगीदारांची तारीख जवळ आली आहे. मी म्हटलं, तारीख पुढे न्या. माझा करार पुढे वाढला नाही. लोक अजून सांगतात, हट्टी होती, जमवून घेतलं असतं तर आत राहून बदल करता आला असता. मी हे पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. आत राहिलेल्यांनी काय बदललं ते मला दिसलं नाही. खंत एकच आहे, बायकांनी सांगितलेल्या ओळींच्या वह्या त्या कार्यालयातच राहिल्या. त्या मागून मागून थकले.

ढोलाचं तर तुम्हा सगळ्यांना भारी आकर्षण. प्रस्तावात ‘ढोल वाजवून घोषणा’ असं चार ठिकाणी आहे. अगं, ती दवंडी झाली. काँगो नदीकाठचे लोकेले लोक पोकळ ओंडक्याच्या दोन ओठांवर, एक उंच एक खालचा, आपल्या भाषेतले चढउतार वाजवत. नुसता ‘चंद्र’ हा शब्द वाजवला तर तो ‘कोंबडी’ या शब्दासारखाच ऐकू येई, म्हणून ‘पृथ्वीकडे खाली पाहणारा चंद्र’ असं पुरं वाक्य वाजवायचे. हे किचकट वाटेल, पण ते चालायचं कारण पलीकडच्या गावातही ओंडका होता आणि तो उलट बोलायचा. घानात स्वातंत्र्यानंतर रेडिओनं बातम्यांआधी अतुम्पान ढोल वाजवायला घेतले, ‘घाना, ऐका.’ उत्तम झालं, ओळख टिकली, पण ऐकण्यापुरतीच. नायजेरियात गंमत बघ. तिथल्या नभोवाणीनं आपलं नाव बोलत्या ढोलावर वाजवायला सुरुवात केली, आणि इबादानचे जुने लोक सांगतात की श्रोत्यांनी त्याच चढउतारांवर स्वतःचे शब्द बसवले, ‘ओलुबादान गेला तर गादीवर कोण?’ ओलुबादान म्हणजे तिथला राजा. सरकारी धून वाजली की घराघरात लोक तो प्रश्न ऐकायचे. उत्तराची वाट ठेवली नाही तर लोक ती स्वतः काढतात, मग ती तुझ्या अहवालात येत नाही.

आणि कधीकधी ते गमतीत संपत नाही. 2014 साली गिनी, लायबेरिया, सिएरा लिओनमध्ये इबोला पसरला तेव्हा सुरुवातीच्या भित्तिपत्रकांवर आणि रेडिओवर ठासून सांगितलं गेलं की या आजारावर औषध नाही. लोकांनी ते नीट ऐकलं. औषधच नाही तर माणसाला उपचाराच्या तंबूत कशाला न्यायचं, घरीच सेवा करू, गेला तर अंघोळ घालून आपल्या हातानं माती देऊ. त्यातून लागण वाढली. संदेश पोचला होता, तुझ्या तिसऱ्या रकान्यातला आकडा भरभरून आला असता. लोकांना विचारायचं होतं की आमच्या मेलेल्याला कुणी प्रार्थनेशिवाय पुरणार का? ते ऐकायला कुणी बसलं नव्हतं. इमाम आणि पाद्री यांना बरोबर घेऊन नोव्हेंबर 2014 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दफनाची नवी पद्धत दिली, सुरक्षित आणि सन्मानानं. साथ आटोक्यात येईपर्यंत 11 हजारांहून जास्त माणसं गेली. या आकड्यापुढे मी तुला ‘परिणामकारक’ हा शब्द सहज वापरू देणार नाही.

तू लिहितेस, ‘हे सगळं जुनं झालं, आता मोबाईलच खरं.’ आणि पुढच्याच ओळीत, ‘पण परंपरा सोडली तर लोक जवळ येणार नाहीत.’ या दोन ओळींत तू अडकली आहेस. त्यातून सुटायला सोमालियाकडे बघ. तिथल्या भाषेला सरकारनं अधिकृत लिपी दिली 1972 मध्ये. त्याआधी आणि नंतरही महत्त्वाचं ते कवितेत. 1979 मध्ये गारिये नावाच्या कवीनं कुळाभिमानाविरुद्ध एक कविता रचली, प्रत्येक ओळीत ‘द’ या अक्षराचा अनुप्रास. हद्रावीनं तिला उत्तर दिलं, त्याच अक्षरावर. मग तिसऱ्यानं, चौथ्यानं. काही बाजूनं, काही विरुद्ध. डझनावारी कवी त्यात उतरले आणि या साखळीला ‘देल्लेय’ हे नाव पडलं. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यातल्या सवाल-जवाबासारखं, फक्त फड देशभर पसरलेला आणि समोर सियाद बारेची लष्करी राजवट. रेडिओ सरकारच्या ताब्यात. मग कविता गेल्या कशा? कॅसेटवर. एका टेपरेकॉर्डरवरून दुसऱ्यावर उतरवत, चहाच्या दुकानांतून, टॅक्सीतून, परदेशी गेलेल्या सोमालींपर्यंत. कॅसेट त्या काळचं अगदी नवं यंत्र, अनुप्रास शतकांचा जुना. त्यांनी जुनं-नवं असा वादच घातला नाही. ज्या यंत्रावर उलट कविता भरता येत होती ते उचललं, रेडिओवर ती भरता येत नव्हती म्हणून तो सोडला.

इथिओपियातल्या अफार लोकांची दागू पद्धतही शोधून वाच, तुझ्या ॲपसाठी तिचा फार उपयोग आहे. ओसाड प्रदेश, गुरं घेऊन फिरणारी माणसं. वाटेत दोघं भेटले की थांबायचं, बसायचं, आणि बातम्यांची देवाणघेवाण करायची. पाऊस कुठे पडला, गवत कुठे आहे, बाजारात भाव काय, भांडण कुठे पेटलंय. डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं सांगायचं आणि कानांनी ऐकलेलं वेगळं. खोटं पसरवणाऱ्याला समाजाचा जाब द्यावा लागतो. दोघांनाही सांगायचं असतं, दोघांनाही ऐकायचं असतं, नुसतं घेऊन कुणी उठत नाही. आता हेच काम फोनवरूनही चालतं, आणि विचारणा तीच राहते, तू स्वतः पाहिलंस का? तुझ्या ॲपमध्ये बाईनं व्हॉइस मेसेज टाकायची जागा मी शोधली. ‘सूचना’ नावाचं बटण सापडलं, तेही तुमच्याकडून तिच्याकडे जाणारं. लिहिता न येणारी आजी व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवते, रोज पाठवते, तुझ्या ॲपची वाट न बघता. तिला ऐकायला तुझ्याकडे माणूस नेमलाय का? माणूस म्हणतेय मी, यंत्र नाही. स्वाहिली येणारा, शक्यतो बाई, पगारावर.

रागावले असं वाटेल तुला. थोडी रागावले आहे. तुझ्या वयाच्या मुलांचे कितीतरी प्रस्ताव माझ्याकडे येतात, बहुतेकांना मी दोन ओळींत उत्तर देते. तुझ्या मेलच्या तळाशी एक वाक्य होतं, ‘मला भीती वाटते की मी त्यांच्या वस्तूंवर माझं बोलणं चिकटवतेय.’ म्हणून हे इतकं लांबलं. ती भीती बरोबर आहे. वरिष्ठांनी ती पुसून टाकायला सांगितली तर पुसू नकोस, प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घे.

कामाचं सांगते. छपाईची ऑर्डर थांबव. आगाऊ रक्कम गेली असेल तर जाऊ दे, ती बुडवणं स्वस्त पडेल. पहिले तीन महिने एकही संदेश बाहेर जाऊ देऊ नकोस, स्वाहिली शीक, बाजारात बस, प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या बाकावर बस. बायकांना त्यांच्या ओळी विचार आणि ज्या मिळतील त्या त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. त्या वह्यांची प्रत स्वतःजवळ ठेव, कुणाच्याही कपाटात एकुलती प्रत सोडू नकोस. मग उहुरू स्ट्रीटवरच्या एखाद्या व्यापाऱ्याला त्यातल्या चार ओळी दे, त्याला छापू दे, विकू दे. खपतील त्या खपतील.

शिफारसपत्र मागितलं आहेस. देईन, मनापासून देईन. पण आधी तो तक्ता दुरुस्त करून पाठव, चौथ्या रकान्यासह, आणि अंदाजपत्रकात उत्तरं ऐकणाऱ्या बाईच्या पगाराची ओळ घाल. त्या ओळीपुढे शून्य असेल तर मी सही करणार नाही.

तुझी,
ताई